गिटच्या कमिट मेसेजमधलं हॅश (#): चिन्ह बदलता यावं की सगळ्यांचं एकच असावं?

शाखाधर:
काल गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) रीबेस करताना, म्हणजे इतिहास नव्याने मांडताना, तीन कमिट (नोंदवलेले बदल) स्क्वॅश करून एक केल्या, एडिटर उघडला, सेव्ह करून बाहेर आलो आणि लॉग बघतो तर "#४१२ चा क्रॅश काढला" ही ओळच गायब! सुरुवातीला हॅश, म्हणून गिटने कॉमेंट समजून उडवली. मूळ कमिट -एम देऊन, म्हणजे मेसेज कमांडमध्येच लिहून, केली होती, एडिटर उघडलाच नाही, म्हणून तेव्हा ओळ शाबूत राहिली आणि मला पत्ताही नाही. कॉमेंटचं चिन्ह बदलायची कोअर.कमेंटचार ही सेटिंग २०१३ पासून आहे, ते प्रत्येकाने बदलूनच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. लिहिलेलं गुपचूप पुसलं जाणं मला मान्य नाही.

हुकवाला:
मला पटत नाही. आमच्या टीममध्ये एकाने हॅशऐवजी अर्धविराम लावला. आमचा कमिट-मेसेज हुक (कमिट करताना आपोआप चालून मेसेज तपासणारी स्क्रिप्ट) हॅशच्या ओळी वगळून बाकीच्यांची लांबी मोजतो, आणि हुकच्या हातात फाइल येते ती साफसफाईच्या आधीची, म्हणजे गिटने कॉमेंट म्हणून स्वतः टाकलेले बदललेल्या फाइल्सचे लांबलचक पाथसुद्धा मेसेज म्हणून मोजले गेले आणि त्याची प्रत्येक कमिट अडकायला लागली. अर्धा दिवस गेला शोधण्यात. ही सेटिंग क्लोनबरोबर (कोडची प्रत घेताना) येत नाही, ज्याची त्याच्याकडे राहते, मग हुक लिहिणाऱ्याने काय काय गृहीत धरायचं?

शाखाधर:
काहीच गृहीत धरू नका ना. गिट स्ट्रिपस्पेस -एस या कमांडमधून फाइल काढा, ते कॉन्फिगमधलं (सेटिंगच्या फाइलमधलं) चिन्ह वाचूनच कॉमेंटच्या ओळी काढतं. हॅश हुकमध्ये ठोकून बसवलं ही हुकची चूक.

हुकवाला:
आणि कोणी सेटिंगमध्ये चिन्हाऐवजी 'ऑटो' ठेवलं तर? तेव्हा गिट मेसेज बघून चिन्ह ऐनवेळी निवडतं, कॉन्फिगमध्ये नुसतं 'ऑटो' दिसतं. हुकला कळणार कसं?

शाखाधर:
हे मान्य. ऑटो मीही वापरणार नाही.

जुनाकोडर:
दोघांचं भांडण खरं तर डिफॉल्टशी आहे. मर्क्युरियल या गिटसारख्याच साधनात गाळायची ओळ 'एचजी:' ने सुरू होते, तशी ओळ मेसेजमध्ये कोण लिहिणार? हॅश मात्र इश्यूच्या (नोंदवलेल्या तक्रारीच्या) नंबरला लागतं, मार्कडाउनच्या (साध्या मजकुराला चिन्हांनी रूप द्यायच्या पद्धतीच्या) हेडिंगला लागतं, रोजच्या वापरातलं चिन्ह उचललं तिथेच घोळ झाला. गिट २.४५ पासून कोअर.कमेंटस्ट्रिंग आहे, एकाच अक्षराची अट गेली, टीमने असाच एक शब्द ठरवून घ्या.

हुकवाला:
ठरवून घेतलं तरी नवीन माणसाच्या मशीनवर ते आपोआप जात नाही, आणि माझा त्रास तिथेच आहे. मी तर सगळ्यांना सांगतो, ओळ हॅशने सुरूच करू नका, "इश्यू #४१२" लिहा.