हातावर पोट असणाऱ्यानं स्नोबोर्डवर चढावं का?

सीताबर्डीचा सोल्डरिंगवाला

माझं सीताबर्डीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. स्क्रीन-बॅटरी लहान भाऊ बघतो. मायक्रोस्कोपखाली मोबाईलच्या सर्किट बोर्डवरच्या आयसी, म्हणजे बारीक चिपा, काढणं-बसवणं माझ्याकडे. उजव्या हातात आयर्न, डाव्यात चिमटा. एक हात गेला की काम शून्य.

गेल्या फेब्रुवारीत गुलमर्गला स्नोबोर्ड, म्हणजे फळीवर उभं राहून बर्फावरून घसरणं, शिकायला गेलो होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास 'बस, शेवटची एक फेरी' म्हणून निघालो आणि स्नोबोर्डची एज, म्हणजे कड, बर्फात अडकली. पडताना डावा हात पुढे टेकला. मनगटाशी हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, मग व्यायाम. चिमटा न थरथरता धरायला अडीच महिने लागले. तेवढ्या दिवसांत मोबाईलच्या बोर्डची कामं दुसऱ्याकडे पाठवली, त्यातली अर्धी गिऱ्हाइकं तिकडचीच झाली. मेडिक्लेमनं दवाखान्याचं बिल दिलं. दुकानाचं भाडं आणि कर्जाचा हप्ता त्यात बसत नाही, हे तेव्हा कळलं.

आता तोच ग्रुप जानेवारीत पुन्हा जातोय. नागपूरहून कटऱ्यापर्यंत गाडी, पुढं श्रीनगरपर्यंत वंदे भारत, म्हणजे विमानाचा खर्चही नाही. मी एका पायावर तयार आहे, पण मनगट ऐकत नाही. घरात बायको 'तुमचं तुम्ही बघा' म्हणाली. लग्न झालेल्यांना याचा अर्थ सांगायला नको.

महालची खानावळवाली काकू

जाऊ नका. माझं सरळ मत आहे.

मागच्या वर्षी उकळतं तेल उडून माझा हात भाजला. आठ दिवस डबे बंद ठेवले. नवव्या दिवशी डबे सुरू केले तर अकरा मुलं दुसऱ्या मेसला लागलेली. कोणी वाईट नव्हतं हो, भूक थांबत नाही एवढंच. पण माझा हात पोटासाठी भाजला. तुमचा हौसेपायी मोडला. एकदा मोडला तो अपघात, दुसऱ्यांदा मोडला तर लोक वेगळा शब्द वापरतील.

आणि तिकडं नुसती हाडंच मोडत नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गलाच हिमस्खलनात एका रशियन माणसाचा जीव गेला, तोही स्कीईंग करणारा.

हिंगण्याचा फिटर

काकू, तुम्ही तं भाऊले घरातच बसवून राहिल्या.

मी रोज हिंगणा रोडनं दुचाकीवर एमआयडीसीत जातो. उलट्या दिशेनं येणारा टिप्पर, मधातच बसलेली गाय, पावसाळ्यात पाण्याखाली झाकलेला खड्डा. त्या रस्त्यावर माझं मनगट मोडलं तं कोणी म्हणन का, 'काहून गेला होता'? माणूस वर्षभर मशीनसारखा राबते, त्याले पाच दिवस बर्फ पाहू द्या नं. भाऊ, तू जा. पडला तं पडला.

महालची खानावळवाली काकू

टिप्परच्या बाजूनं जाणं तुम्हाला टाळता येत नाही. बर्फावरून घसरणं टाळता येतं. दोन्ही एका तराजूत घालू नका.

आणि एक विचारते. कंपनीत तुमचा ईएसआय, तो कामगार विमा, कापला जातो ना?

हिंगण्याचा फिटर

हाव, कापते. पगार २१ हजाराच्या आत आहे माझा. आजारी पडलो, डॉक्टरनं सर्टिफिकेट देल्लं, तं वर्षाले ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के भेटते. पण त्याचा इथं काय संबंध?

महालची खानावळवाली काकू

तोच तर संबंध आहे. तुम्ही पडलात तर तुमच्या घरात सत्तर टक्के येतात. हा पडला तर याच्या घरात किती येतात ते त्यानं वर लिहिलंय.

मिहानचा रात्रपाळीवाला

मी आयटीत आहे. औलीला स्कीईंग करताना गुडघ्याचं लिगामेंट गेलं होतं. तीन आठवडे पाय उशीवर, लॅपटॉप मांडीवर, आणि कुठल्याही मीटिंगमध्ये कोणाला कळलंसुद्धा नाही. तेव्हा माझा सल्ला फुकटचा आहे हे आधीच मान्य करतो.

तरी काकूंशी सहमत नाही. दरवेळी 'हौस की पोट' असं विचारलं तर ज्याचं पोट हातावर आहे त्यानं आयुष्यात कधीच काही करायचं नाही, असंच उत्तर येणार. म्हणजे गुलमर्ग फक्त माझ्यासारख्या पगारी लोकांचं. हे मला खटकतं. आणि तो रशियन पिस्टच्या, म्हणजे आखून दिलेल्या उताराच्या बाहेर, मोकळ्या डोंगरावर होता. नवशिके खालच्या सोप्या उतारावर असतात. ती भीती इथं घालू नका.

त्यापेक्षा विमा बघ. वैयक्तिक अपघात पॉलिसीत काम बंद पडल्यास आठवड्याला ठरावीक रक्कम देणारा भाग जोडून मिळतो. पण घेण्याआधी वगळलेल्या गोष्टींची यादी वाच. बऱ्याच पॉलिसींत साहसी खेळ त्या यादीत असतात, आणि एजंट ते पान उलटून दाखवत नाही.

रामदासपेठेतली फिजिओ

दोन्ही बाजूंनी तत्त्वज्ञान झालं, आता हाडांचं बोलू.

मिहानवाल्यांचा गुडघा गेला आणि सोल्डरिंगवाल्यांचं मनगट, हा योगायोग नाही. स्कीईंगमध्ये दोन पाय वेगळ्या फळ्यांवर असतात, एक पाय एकीकडे गेला की गुडघा पिळवटतो. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले आणि पडलं तरी बूट धरून ठेवणारं बाइंडिंग सुटत नाही. तोल गेला तर पाऊल टाकून सावरता येत नाही, म्हणून माणूस हात टेकतो. नवशिक्यांत मनगटाची दुखापत सगळ्यात जास्त दिसते ती यामुळे. पुढची एज अडकली तर हातांवर, मागची अडकली तर बुडावर आणि डोक्याच्या मागच्या बाजूवर. त्यामुळे हेल्मेटबद्दल चर्चाच नको.

मनगटावर बांधायच्या रिस्ट गार्डचा फायदा चांगला सिद्ध झालेला आहे. भाड्याच्या सामानात ते मिळतीलच असं नाही, इथूनच घेऊन जा. पडताना पंजा उघडून टेकायचा नाही, मुठी मिटून कोपरापासूनचा हात आडवा द्यायचा. हे घरी गादीवर गुडघ्यांवरून पडून पडून अंगवळणी पाडावं लागतं, बर्फावर आठवत नाही.

आणि चार वाजताची ती 'शेवटची एक फेरी'! पाय थकलेले, उन्हात मऊ झालेला बर्फ पुन्हा कडक होऊ लागलेला. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच वाक्य बोलतो.

एक भीती मात्र खरी आहे. पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दुखत राहिलं आणि पहिला एक्स-रे साफ आला, तरी निश्चिंत व्हायचं नाही. तिथल्या स्कॅफॉइड हाडाला रक्तपुरवठा उलट्या बाजूनं येतो, ते जुळायला काही वेळा महिने लागतात. चिमटा धरणाऱ्यासाठी ते तुमच्या मागच्या फ्रॅक्चरपेक्षा वाईट.

हिंगण्याचा फिटर

मॅडमनं तं मलेच भेव भरवलं.

सीताबर्डीचा सोल्डरिंगवाला

सगळ्यांचं वाचलं. काकूंचं बोलणं लागलं, कारण खरं आहे. मिहानवाल्या भाऊंचंही पटलं. मागच्या वेळी फेरी चुकली त्यापेक्षा दुकानाची तयारी चुकली होती. भाऊ दोन महिन्यांपासून माझ्या शेजारी मायक्रोस्कोपवर बसतोय, चार्जिंग आयसी आता एकटा बदलतो. तीन महिन्यांचं भाडं बाजूला काढलंय. गार्ड आणि हेल्मेट विकत घेतो. चारनंतर बोर्ड काढून ठेवीन. एवढं करूनही जाऊ नये का?

महालची खानावळवाली काकू

भावाला शिकवलंत ते चांगलं केलंत. ते बर्फासाठी नाही, एरवीही करायलाच हवं होतं. बाकी माझं मत तेच.

रामदासपेठेतली फिजिओ

तुमच्या यादीत दुकान आहे, भाडं आहे, गार्ड-हेल्मेट आहे. मनगट किती बरं झालंय ते नाही. आत्ता बसल्या जागी एक करा. छातीसमोर नमस्काराला हात जोडा, तळवे पूर्ण चिकटलेले ठेवून दोन्ही कोपरं बाजूला वर न्या. मनगटापासून कोपरापर्यंतचे दोन्ही हात एका सरळ रेषेत यायला हवेत. मग डाव्या हातानं पाण्याची भरलेली कळशी उचलून बघा. काय होतं ते लिहा, मग जानेवारीचं बोलू.

सीताबर्डीचा सोल्डरिंगवाला

कळशी उचलली, दुखलं नाही.

नमस्कार तीनदा करून बघितला. उजवं कोपर बरोबर वर येतं. डावं चार बोटं खालीच राहतं, जोर लावला की तळवे सुटतात. बायको दारात उभी राहून बघत होती, विचारलं, 'कोणाला एवढा नमस्कार चाललाय?'

बुकिंगचे पैसे शुक्रवारपर्यंत परत मिळतात. मॅडम, उद्या संध्याकाळी सातनंतर आलो तर चालेल का?