११० मिलिव्होल्टवर बूस्ट कन्व्हर्टर सुरू का होत नाही?

प्रश्न:
साखर कारखान्यातील गरम पाण्याच्या पाइपवर तापमान नोंदवणारा बिनतारी सेन्सर बसवायचा आहे. गळीत हंगामात तेथे वारंवार बॅटरी बदलणे शक्य नसल्यामुळे पाइपच्या उष्णतेवरच तो चालावा, असा प्रयत्न आहे. पाइपचा पृष्ठभाग ५८ अंश, भोवतालची हवा ३६ अंश. दोन बाजूंच्या तापमानातील फरकापासून वीज देणारे १२७ जोड्यांचे थर्मोइलेक्ट्रिक मॉड्यूल लावून वर हीटसिंक बसवले आहे. मोकळ्या टोकांवर मल्टिमीटर ११० मिलिव्होल्ट दाखवतो आणि मॉड्यूलचा अंतर्गत रोध २ ओहम भरतो. बीक्यू२५५७० ही बूस्ट कन्व्हर्टरची (कमी व्होल्टेज वाढवून देणारी) आयसी १०० मिलिव्होल्टपर्यंत चालते असे वाचून ती वापरली, पण दोन तासांतही कॅपॅसिटरवर काही चढले नाही. मग चार्ज केलेला सेल जोडून पाहिला, तर तोच हळूहळू उतरत गेला. इंडक्टर बदलावा, की कन्व्हर्टर स्वतः बांधावा?

पहिले उत्तर:
इंडक्टरचा दोष नाही. त्या आयसीला दोन वेगवेगळ्या मर्यादा आहेत: रिकाम्या कॅपॅसिटरपासून सुरुवात करायला सुमारे ६०० मिलिव्होल्ट लागतात, आणि एकदा आतले सर्किट जागे झाले की मग ती १०० मिलिव्होल्टपर्यंत ऊर्जा ओढू शकते. सेल जोडून तुम्ही पहिली अडचण ओलांडलीत, दुसरी तशीच राहिली. मॉड्यूलमधून जास्तीत जास्त शक्ती घ्यायची तर त्याचा व्होल्टेज मोकळ्या व्होल्टेजच्या निम्म्यावर येतो, म्हणजे तुमच्याकडे ५५ मिलिव्होल्टच उरतात. मोकळ्या टोकांवरचा आकडा पाहून आयसी निवडण्याची ही चूक फार जणांकडून होते.

तुमच्या कामाला एलटीसी३१०८ ही दुसरी आयसी योग्य आहे. तिच्यात डिप्लिशन प्रकारचा मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आहे, जो गेटला, म्हणजे नियंत्रणाच्या टोकाला, व्होल्टेज नसतानाही वाहतो. बाहेरच्या १:१०० ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम गुंडाळीकडून गेटला फीडबॅक (परत येणारा संकेत) मिळून आंदोलने आपोआप सुरू होतात आणि २० मिलिव्होल्टवरही सर्किट उठते. त्या ट्रान्सफॉर्मरसह तिचा इनपुट रोध अडीच ओहमच्या आसपास असतो, म्हणजे तुमच्या मॉड्यूलशी तो जवळजवळ जुळतो.

दुसरे उत्तर:
स्वतः बांधण्याआधी एक हिशेब करून पाहावा. साध्या बूस्ट कन्व्हर्टरमध्ये स्रोत, इंडक्टर आणि स्विच यांचा एकूण मालिका रोध धरला, तर मिळू शकणारी कमाल वाढ ही भाररोध भागिले मालिका रोध याच्या वर्गमुळाच्या निम्मी असते. तुमचा ११० मिलिव्होल्टचा स्रोत ३.३ व्होल्टवर न्यायचा म्हणजे ३० पट वाढ हवी. त्यासाठी भाररोध मालिका रोधाच्या ३६०० पट लागतो. फक्त मॉड्यूलचे २ ओहम धरले तरी तो ७२०० ओहम होतो, आणि ३.३ व्होल्टवर त्यातून जाणारी शक्ती सुमारे दीड मिलिवॅट. मॉड्यूलची कमाल शक्तीही नेमकी तेवढीच आहे! ड्यूटी सायकल (स्विच चालू राहण्याचे प्रमाण) कितीही ताणली, तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. इंडक्टर आणि स्विचने अर्धा ओहम जरी घेतला तरी दीड मिलिवॅटचे १.२ होतात. डायोडची काळजी लोक अधिक करतात; पण ३.३ व्होल्टच्या बाजूला ०.३ व्होल्टची घट म्हणजे आठ टक्क्यांच्या आसपास, तर इनपुटच्या बाजूला बारीक तार किंवा सैल स्क्रू टर्मिनल त्याहून अधिक खाऊन टाकते.

मला मात्र खरी जागा उष्णतेत दिसते. अशा मॉड्यूलमधून अंशाला साधारण ५० मिलिव्होल्ट मिळतात. म्हणजे पाइप आणि हवा यांच्यातील २२ अंशांपैकी मॉड्यूलच्या वाट्याला जेमतेम सव्वादोन आले आणि बाकीचे बहुतेक हीटसिंक ते हवा या टप्प्यावर गेले. हीटसिंकची पाती आडवी बसवली आहेत का? ती उभी करा. मॉड्यूलवरचा फरक दुप्पट झाला तर शक्ती चौपट होते. सर्किटमधल्या कोणत्याही सुधारणेने इतके मिळणार नाही.

प्रश्नकर्ता:
पाती आडवीच होती. ती उभी केली, हीटसिंक मोठे घेतले आणि पाइपवरचा रंग खरवडून थर्मल पेस्ट लावली. मोकळा व्होल्टेज १९० मिलिव्होल्टवर गेला. एलटीसी३१०८ जोडल्यावर इनपुटला १०५ मिलिव्होल्ट टिकतात आणि ३.३ व्होल्टचा कॅपॅसिटर चढू लागला आहे. आता दर दहा मिनिटांनी एक नोंद पाठवण्यापुरती ऊर्जा साठते का, ते मोजतो.