सोंगाचं गाणं तुमच्या घरी कोण म्हणायचं?

आईच्या ट्रंकेत आजीची वही सापडली. ओव्या, आरत्या, नाथांची भारुडं आणि मध्येच नवऱ्याच्या तक्रारींचं तेरा कडव्यांचं एक गाणं. शेवटच्या कडव्यावर तेलाचा डाग पडलाय, अक्षर लागत नाही. गोव्यात पौषात बायका रात्री धालो खेळतात, गात-नाचत. त्यांच्या शेवटच्या रात्री आजी हे डिचोलीतल्या आमच्या मांडावर, म्हणजे धालोंच्या अंगणात, सोंग घेऊन म्हणायची. अंगात आजोबांचा कोट, काजळाच्या मिश्या, काखेत छत्री. वहीत नवऱ्याच्या नावाच्या जागी नुसती रेघ ओढलेली आहे. तिथे ती दरवर्षी समोरच्या फांतीतल्या, म्हणजे रांगेतल्या, एखादीच्या नवऱ्याचं नाव घालायची आणि बायका हसून हसून खाली बसायच्या. नाव घातल्याशिवाय ते गाणं पुरं होतच नाही, असं आता वाटतं.

तुमच्या घरचं असं गाणं लिहा. शब्द आठवत नसले तर कोण म्हणायचं, कुठे बसून, ते तरी लिहा. आलेली उत्तरं खाली, गावाच्या नावाने.

पेडणे
काला हे आमच्याकडचं दशावतारी नाटक, आणि काला म्हणजे संकासुर, वेद चोरणारा राक्षस. काळा झगा, लोंबणारी लाल जीभ. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी आईच्या पदराखालून बाहेर आलो नाही. ब्रह्मदेव पोथीच्या मराठीत बोलणार आणि हा वेदचोर आमच्या बोलीत, आमच्याच वाड्यावरच्या भानगडी काढणार. एका वर्षी देवळाकडचा साकव, म्हणजे छोटा पूल, मोडला होता. साकवच नाही तर वेद पळवून नेऊ कुठून, असं त्याने विचारलं, तेव्हा पुढे बसलेली मोठी माणसं मान खाली घालून बसली. महिन्याभरात साकव झाला.

माझे बाबा घरात मोजकंच बोलायचे. पण काल्याच्या दुसऱ्या दिवशी सुपाऱ्या सोलताना ते अख्खा संकासुर म्हणून दाखवायचे, जीभ बाहेर काढून. वर्षातून एकदाच ते आम्हा भावंडांना असे मिळायचे.

फोंडा
एक विनंती. भारुडाला नुसतं विनोदी म्हणून सोडू नका. आमच्या देवळात विंचवाचं भारूड करणारे काका पाय धरून असे लोळायचे की मुलं आधी हसायची आणि मग घाबरून रडायची. नाथांचा तो विंचू काम-क्रोधाचा. त्याच्यावर अंगारा लावायचा तो सत्त्वगुणाचा. हा अर्थ मला चाळिशीत कळला, पण काकांचा तो पाय डोळ्यांसमोर होता म्हणूनच कळला.

मडगाव
मांडो हे गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतलं कोंकणी गाणं, संथ, आर्त. तो संपला की दुलपदं, भराभर, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गमतींची. आमच्या भिंतीपलीकडची ख्रिस्ती आजी पेज ढवळताना ती म्हणायची आणि आई इकडून ताटावर ठेका धरायची. एक शब्दही लिहून ठेवला नाही आम्ही. फार वाईट वाटतं.

सत्तरी
रणमाल्यात, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, रामायण चालू असतं, मागे गाणाऱ्यांची रांग, घुमट हे चामडं लावलेल्या मातीच्या भांड्याचं वाद्य, आणि कासाळें, म्हणजे झांजा. मध्येच एखादं सोंग येतं आणि गावाला हसवून जातं. मला शब्दांपेक्षा त्याखालचं घुमट जास्त आठवतं. आजोबांचं घुमट घोरपडीच्या चामड्याचं होतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात घोरपडीला संरक्षण मिळालं, ते योग्यच झालं. आता बकऱ्याचं चामडं लावतात. २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, तेव्हा मी आजोबांचं घुमट माळ्यावरून खाली काढलं. चामडं फाटलेलं, मातीचं भांडं मात्र शाबूत. नवं चामडं बसवून घेतलंय. मुलगा वाजवतो.

डिचोली
वहीवाल्या ताईंसाठी. आपला मांड एकच दिसतो. त्या रेघेच्या जागी दोन-तीन वर्षं माझ्या आजोबांचं नाव होतं. ते कुंपणाआड उभे राहून ऐकायचे, हे सगळ्या बायकांना ठाऊक. एका वर्षी दुसऱ्याच कुणाचं नाव आलं, तर सकाळी ते पेजेला बसले नाहीत.

शेवटचं कडवं माझ्या आईला येतं. नवरा बाजारातून परततो, बायकोसाठी आणलेली काकणं पिशवीत फुटलेली निघतात. तिथवर येऊन आई थांबली. म्हणाली, नुसतं सांगून नाही आठवत, चाल लागली की येईल. रविवारी वही घेऊन या. बारा कडवी तुम्ही म्हणा, तेरावं ती म्हणेल.