मोफत नेत्रसेवा: परदेशी पथके की स्थानिक प्रशिक्षण?

प्रश्न: साथरोग, युद्धे आणि महागलेली वाहतूक यांमुळे विकसनशील देशांत नेत्रशिबिरांसाठी परदेशी पथके पाठवणे धर्मादाय संस्थांना अवघड झाले आहे. अशा वेळी मर्यादित निधी कोठे खर्च करावा?

उत्तर १: स्थानिक प्रशिक्षणावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार किमान २२० कोटी लोकांना दृष्टिदोष असून, त्यांपैकी किमान १०० कोटी लोकांचा दोष टाळता आला असता किंवा त्यावर अद्याप उपचार झालेले नाहीत. हे काम पाहुण्या पथकांच्या आवाक्यातले नाही. शिवाय मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात जंतुसंसर्ग झाला आणि पथक परतलेले असले, तर रुग्णाने जावे कोठे?

उत्तर २: मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय पाहावे. डॉ. वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू केलेल्या या संस्थेत पैसे भरणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून इतरांवर मोफत उपचार होतात, आणि १९९२ पासून तिच्याच ऑरोलॅब या कारखान्यात मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायची कृत्रिम भिंगे स्वस्तात तयार होत असल्याने आयातीवरील अवलंबित्वही घटले. (देणगीदारांना मात्र कारखान्यापेक्षा शिबिराची छायाचित्रे अधिक भावतात!)

उत्तर ३: सहमत, तरीही जेथे नेत्रशल्यविशारदच नाही, तेथे तूर्त शिबिराला पर्याय नाही. त्यातच स्थानिक परिचारिकांना शिकवावे.