शमुवेल : ‘मागितलेला’ की ‘ऐकलेला’?

बायबलातला संदेष्टा शमुवेल याच्या नावाचा अर्थ ‘देवाकडे मागितलेला’ असा सांगितला जातो. तसं म्हणायला आधार आहेच, बायबलात १ शमुवेल १:२० मध्ये खुद्द त्याची आई हन्नाच नावाचं कारण तसं सांगते. पण व्युत्पत्ती म्हणून ते टिकत नाही. हिब्रूत ‘मागणे’चा धातू शिन-आलेफ-लामेद, ही तीन अक्षरं. नावाची अक्षरं शिन, मेम, वाव, आलेफ, लामेद. मधल्या मेमचं काय करायचं? त्या धातूवरून सरळ बनणारं नाव शाऊल, म्हणजे मराठी बायबलातला शौल, इस्राएलचा पहिला राजा. गंमत अशी की त्याच अध्यायाच्या २८व्या ओवीत हन्ना मुलाबद्दल नेमका ‘शाऊल’ हाच शब्द वापरते. त्यामुळे ही कथा मुळात शौलाच्या जन्माची असावी, असं काही अभ्यासक मानतात. मला ते जरा ताणल्यासारखं वाटतं.

‘देवाने ऐकले’ हा बाळनावांच्या यादीतला अर्थही अडतो. ‘ऐकणे’ म्हणजे शिन-मेम-आयिन, आणि इथे आयिनच नाही. इश्माएल या नावात ते शाबूत आहे, म्हणून तिथे हा अर्थ चोख बसतो. राहतं ते शेम (नाव) अधिक एल (देव) : ‘देवाचं नाव’ किंवा ‘त्याचं नाव एल’. अक्षरांशी जुळणारं एवढंच.

कोकणातल्या बेने इस्रायलींकडे, म्हणजे तिथल्या मराठीभाषक ज्यूंकडे, शमुवेलचंच सामाजी झालं, आणि यहेज्केलचं (इंग्रजीत इझिकेल) हसाजी. मुंबईत १७९६ साली पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजे सॅम्युएल इझिकेल दिवेकर. जुन्या कागदांत पूर्वज शोधताना दोन्ही रूपांनी शोधावं, नाहीतर एकच माणूस दोनदा मोजला जातो.