मदत हवी आहे: ॲक्टिनच्या जाळ्यातले मणी अडकलेत की चिकटलेत?

पुण्यात बायोफिजिक्समध्ये एमएस्सी करतेय. शुद्ध ॲक्टिनच्या (पेशीला आकार देणारं प्रथिन) तंतूंचं जाळं (१ मिग्रॅ/मिली) बनवून त्यात पॉलिस्टायरीनचे सूक्ष्म मणी सोडलेत. या घनतेला जाळ्याची भोकं साधारण ०.३ मायक्रॉनची. ०.१ मायक्रॉनचे मणी बऱ्यापैकी मोकळे फिरतात. ०.३ चे मात्र एका जागी थरथरतात आणि मधूनच टुणकन शेजारच्या भोकात जातात, बघताना भान हरपतं! पण काही मणी जागचे हलतच नाहीत. ते भोकात अडकलेत की तंतूंना चिकटलेत? दोन्हींत एमएसडीचा (ठरावीक वेळात मणी किती सरकला, त्याच्या वर्गाची सरासरी) आलेख सपाटच दिसतो. मणी चिकटू नयेत म्हणून त्यांना बीएसए या प्रथिनाचा लेप दिलाय. पीईजी या पॉलिमरचा जास्त बरा का? इथल्या आयसर, एनसीसीएस या संशोधन संस्थांत किंवा विद्यापीठात कुणी हे काम केलं असेल, तर प्लीज सांगा. येऊन भेटायचीही तयारी आहे.