यूरिक ॲसिड ८.९, ट्रायग्लिसराइड ४३६ : आधी कशाकडे बघायचं?

नाशिकची_सुगरण

धाकट्या दिरांचे रिपोर्ट आहेत. वय ४७, उंची १६८ सेंमी, वजन ८४ किलो, कंबर १०२ सेंमी. बीपीसाठी तीन वर्षं टेल्मिसार्टन ४० अधिक हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ ही एकत्र गोळी. आठवड्यातून दोनदा बिअर.

महिन्याभरापूर्वी मध्यरात्री उजव्या पायाचा अंगठा लालबुंद होऊन सुजला, पांघरूण लागलं तरी सहन होईना. त्याच दिवशी यूरिक ॲसिड तपासलं तर ६.४ आलं, म्हणून "गाऊट (यूरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साठून येणारी सूज) नाही, मुरगळला असेल" असं ठरलं. वेदनाशामक गोळ्यांनी पाच दिवसांत उतरलं. आता उपाशीपोटी केलेले आकडे असे : यूरिक ॲसिड ८.९, एकूण कोलेस्टेरॉल २३८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ४३६, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११७, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.२, एसजीपीटी (यकृताची तपासणी) ६८, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) १.१.

घरात सध्या डाळी, टोमॅटो, पालक बंद. सकाळी मध-लिंबूपाणी, सोमवार आणि गुरुवार कडक उपास. माझे प्रश्न तीन. डाळी खरंच बंद ठेवायच्या का? एलडीएल ११७ म्हणजे ते तरी ठीक समजायचं का? आणि दोन्हींची औषधं एकदम सुरू करतात की एकामागून एक?

---

रक्ततपासनीस

औषधाचं डॉक्टर सांगतील, मी फक्त कागदावरच्या आकड्यांबद्दल लिहितो.

तो ११७ विसरा. २३८ मधून ३४ वजा करा, मग ४३६ भागिले ५ म्हणजे ८७ वजा करा. उरतात बरोबर ११७. म्हणजे प्रयोगशाळेने एलडीएल मोजलेलं नाही, १९७२ सालच्या फ्रीडवाल्ड सूत्राने काढलेलं आहे. ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग म्हणजे व्हीएलडीएल (ट्रायग्लिसराइड वाहून नेणाऱ्या कणांतलं कोलेस्टेरॉल), असं ते सूत्र गृहीत धरतं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे गृहीतक कोसळतं आणि एलडीएल खऱ्यापेक्षा कमी दिसतं. खरं तर अशा रिपोर्टवर तो रकाना कोरा सोडायला हवा, पण सॉफ्टवेअर आकडा छापून मोकळं होतं. 'डायरेक्ट एलडीएल', म्हणजे थेट मोजलेलं, मागा. तोवर साधी वजाबाकी करा : २३८ वजा ३४ म्हणजे २०४. हे नॉन-एचडीएल. याला ट्रायग्लिसराइडचा अडथळा येत नाही, उपाशी असण्याचीही गरज नसते. एलडीएलचं जे लक्ष्य असेल त्यात ३० मिळवले की नॉन-एचडीएलचं लक्ष्य मिळतं. म्हणजे १०० चं लक्ष्य धरलं तरी १३० हवं होतं, आहेत २०४. "ते तरी ठीक" याचं उत्तर इथेच मिळालं.

आता ६.४ चं कोडं. ऐन झटक्यात सूज असताना मूत्रपिंडातून यूरिक ॲसिड जास्त बाहेर पडतं आणि रक्तातला आकडा खाली येतो. त्या दिवशीच्या नॉर्मल रिपोर्टवरून गाऊट नाही असं म्हणता येत नाही. झटका पूर्ण ओसरल्यावर दोन ते चार आठवड्यांनी केलेली तपासणी खरी. शिवाय रिपोर्टवर छापलेली ७.२ ची वरची मर्यादा ही लोकसंख्येवरून काढलेली असते. स्फटिक व्हायला लागतात ते साधारण ६.८ च्या पुढे, तेही ३७ अंश तापमानाला. पायाचा अंगठा शरीराच्या मानाने थंड, म्हणून तिथे आणखी लवकर.

पुन्हा रक्त देताना १० ते १२ तास उपाशी (पाणी चालतं), आधीचे तीन दिवस दारू नाही, आणि आधीचा आठवडा नेहमीचंच जेवण. रिपोर्टपुरतं पथ्य पाळून स्वतःलाच फसवण्यात अर्थ नाही. क जीवनसत्त्वाच्या १००० मिलिग्रॅमच्या गोळ्या चालू असतील तर प्रयोगशाळेत सांगा. मोठ्या मात्रेत ते आमच्या रंग-प्रक्रियेत लुडबूड करतं आणि यूरिक ॲसिड खोटं कमी दाखवू शकतं. ट्रायग्लिसराइड त्याच माणसाचं एका दिवसाआड २० टक्क्यांनी सहज हलतं, तेव्हा ४३६ चं ३७० झालं म्हणून लगेच पेढे वाटू नका.

सोबत टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि लघवीतलं अल्ब्युमिन करून घ्या. थायरॉइड मंद असेल तर दोन्ही आकडे त्यानेही चढतात.

---

घाटावरचा_डॉक्टर

वरच्या सगळ्याला दुजोरा. क्रम असा लावतो.

पहिली गोष्ट बीपीची गोळी. हायड्रोक्लोरोथायझाइड मूत्रपिंडात यूरिक ॲसिड अडवून धरतं, ट्रायग्लिसराइडही थोडं वाढवतं. गोळी स्वतःहून बंद करायची नाही. पण डॉक्टरांना "थायझाइडऐवजी अम्लोडिपिन चालेल का, आणि टेल्मिसार्टनऐवजी लोसार्टन देता येईल का" असं नेमकं विचारा. त्या गटात लोसार्टन एकटंच यूरिक ॲसिड लघवीवाटे जरा जास्त बाहेर काढतं. टेल्मिसार्टनला तो गुण नाही. एवढ्या बदलाने ८.९ चे ६ होणार नाहीत, पण एका हाताने पाणी ओतायचं आणि दुसऱ्याने उपसायचं, हे तरी थांबेल. वाचणाऱ्या इतरांसाठी : क्षयाच्या उपचारातलं पायराझिनामाइडही यूरिक ॲसिड बरंच वाढवतं. ती गोळी मात्र त्यासाठी सोडायची नसते.

दुसरं, दोन्ही आकड्यांचं मूळ एकच आहे. कंबर १०२ (आपल्याकडच्या पुरुषांसाठी मर्यादा ९०), एचबीएवनसी ६.२, एसजीपीटी ६८. इन्सुलिनला शरीर दाद देत नाही, यकृतात चरबी साठते आहे. असं यकृत ट्रायग्लिसराइड भरलेले कण रक्तात सोडत राहतं, आणि वाढलेल्या इन्सुलिनमुळे मूत्रपिंड यूरिक ॲसिड परत शोषून घेतं. पोटाची सोनोग्राफी करा. यकृत दिसेल, मूत्रपिंडात खडा आहे का तेही कळेल. निव्वळ यूरिक ॲसिडचा खडा साध्या एक्स-रेवर दिसत नाही, सोनोग्राफीत किंवा सीटीत दिसतो.

तिसरं, यूरिक ॲसिडचं औषध. इथे तज्ज्ञांतही मतभेद आहेत. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की पहिल्याच झटक्यानंतर रोजची गोळी सहसा नको, पण आकडा ९ च्या वर, मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा मध्यम आजार असेल तर द्यावी. युरोपातली २०१६ ची तत्त्वं ८ च्या वर किंवा बीपी असेल तर निदानानंतर लवकर सुरू करायला सांगतात. तुमचे दीर बरोबर या दोहोंच्या मध्ये बसतात. माझा कल असा : बीपीची गोळी बदलून, दारू थांबवून सहा आठवड्यांनी पुन्हा मोजा. खडा निघाला किंवा दुसरा झटका आला तर वाट बघू नका. सांध्याला एकही झटका नाही, फक्त आकडा वाढलेला, अशांना हृदय वाचेल म्हणून ॲलोप्युरिनॉल (यूरिक ॲसिड कमी करणारी रोजची गोळी) देण्यात अर्थ नाही. ब्रिटनमधल्या ऑल-हार्ट चाचणीत (२०२२) हृदयविकार असलेल्या, गाऊट नसलेल्या लोकांनाही त्याचा फायदा झाला नाही.

सुरू केलंच तर ॲलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅम जेवणानंतर, दर चार आठवड्यांनी आकडा बघून १०० ने वाढवत, ६ च्या खाली येईपर्यंत. एकदम ३०० ने सुरुवात करू नये. चूक नेहमी इथेच होते. आकडा झपाट्याने उतरला की सांध्यातले जुने स्फटिक सैल होतात आणि झटका येतो. लोक म्हणतात "गोळीने दुखणं वाढवलं" आणि गोळी फेकतात. म्हणून पहिले तीन ते सहा महिने कोल्चिसिन (गाऊटची सूज रोखणारं औषध) ०.५ रोज एकदा सोबत देतात. मधे झटका आला तरी ॲलोप्युरिनॉल चालूच ठेवायचं. पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला तर मात्र त्याच दिवशी बंद आणि थेट दवाखाना. फेबुक्सोस्टॅट हा पर्याय आहे, पण हृदयविकार असलेल्यांत ते जपून देतात.

चौथं, चरबी. ४३६ हे वाढलेलं आहे. स्वादुपिंडाला सूज येण्याची खरी भीती १००० च्या पुढे, आणि ५०० ओलांडले की आम्ही फेनोफायब्रेटचा (ट्रायग्लिसराइड उतरवणारं औषध) विचार करतो. तुमच्या दिरांना आधी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) लागेल, कारण धमन्यांचं नुकसान ते २०४ नॉन-एचडीएल करतं. ट्रायग्लिसराइडचा आकडा नुसता खाली आणल्याने हृदयविकाराचे झटके टळतातच असं नाही. प्रॉमिनंट चाचणीत (२०२२) त्याच गटातल्या पेमाफायब्रेटने आकडा उतरला, हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. फेनोफायब्रेट यूरिक ॲसिड थोडं उतरवतं, तो वरकड फायदा. मात्र त्याने क्रिएटिनिन जरा वर दिसतं, घाबरू नका, डॉक्टरांना सांगा. स्टॅटिन आणि कोल्चिसिन एकत्र असताना मांड्या-दंड दुखू लागले, जिना चढताना ताकद कमी वाटली तर सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारा रक्तातला आकडा) तपासायचं. आणि कोल्चिसिन चालू असताना सर्दी-खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक चुकूनही नको. त्याने कोल्चिसिन अंगात साठतं, जिवावर बेतू शकतं.

तेव्हा एकदम की एकेक, याचं उत्तर : बीपीची गोळी बदला, स्टॅटिन लगेच, यूरिक ॲसिडची गोळी सहा आठवड्यांनी ठरवा. दोन नव्या गोळ्या एकाच दिवशी चालू केल्या की पुरळ कुणामुळे आलं ते कळत नाही.

---

ताटवाटी

डाळी आजच परत सुरू करा. डाळी, पालक, मटार, फ्लॉवर यांत प्युरिन (शरीरात ज्याचं यूरिक ॲसिड बनतं ते) असतं हे खरं, पण भाज्या आणि कडधान्यांमुळे गाऊटचा धोका वाढतो असं मोठ्या पाहण्यांत दिसलेलं नाही. टोमॅटोमध्ये तर प्युरिन नगण्य. डाळ काढली की ताटात भात आणि चपाती वाढते, आणि ट्रायग्लिसराइड चढतं ते त्यानेच. एक वाटी घट्ट वरण किंवा उसळ, दोन्ही वेळा.

खरी चूक त्या मध-लिंबूपाण्यात आहे. मधात फ्रुक्टोज भरपूर. फ्रुक्टोज यकृतात पोहोचलं की पेशीतलं ऊर्जा पुरवणारं एटीपी झपाट्याने खर्ची पडतं, त्याच्या अवशेषांतून यूरिक ॲसिड बनतं, आणि उरलेल्या फ्रुक्टोजची चरबी होते. एकाच चमच्यात दोन्ही रोगांची सोय. उसाचा रस, डब्यातला आमरस, कोकम सरबत, शीतपेय, सगळ्यांची तीच गत. गूळही साखरेचाच भाऊ. नुसतं लिंबूपाणी, चिमूटभर मीठ घालून घ्या. अख्खं फळ दिवसातून एक-दोन चालेल, रस काढून नको.

कडक उपासाने दुहेरी घोटाळा. उपाशीपणी चरबी जळून कीटोन वाढतात, ते मूत्रपिंडात यूरिक ॲसिडची वाट अडवतात, त्यात पाणी कमी प्यायलं की झटका ठरलेला. आणि संध्याकाळी सोडताना साबुदाणा खिचडी, बटाटा, वर खीर, की ट्रायग्लिसराइड वर. उपास करायचाच असेल तर निर्जळी नको. ताक, भगर आणि मूठभर दाणे एवढ्यावर करा. वजनही महिन्याला दोन किलोच्या वेगाने उतरवा. ८४ चे ७८ झाले तरी ट्रायग्लिसराइड साधारण पाचव्या हिश्शाने खाली येतं.

मांसाहारात पहिली काट कलेजी, वजडी, भेजा आणि पायाचं सूप. प्युरिन पाण्यात उतरतं, म्हणून मटणाच्या फोडींपेक्षा रस्सा जास्त अवघड. पांढऱ्या रस्स्यात वर नारळाचं दूध, म्हणजे स्टॅटिन घेणाऱ्यालाही जड. सुकट, जवळा, सुके बोंबील यांत पाणी उडून प्युरिन गोळा झालेलं असतं, मीठही भरपूर, म्हणून बीपीलाही वाईट. ताज्या मासळीत जरा गुंता आहे : बांगडा, तारली ट्रायग्लिसराइडला चांगली आणि यूरिक ॲसिडला वाईट. आठवड्यातून दोनदा, शिजलेले १०० ग्रॅम, तळून नाही. झटक्याच्या महिन्यात तेही नको.

बिअर मात्र पूर्ण बंद. त्यात दारूही आणि प्युरिनही. "मग व्हिस्की चालेल ना?" हा पुढचा प्रश्न असतो. चार महिने तीही नाही.

साय काढलेलं दही-ताक आणि बिनसाखरेची कॉफी दोन्ही यूरिक ॲसिडला अनुकूल. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर, त्यात तळण धरून. एवढं सगळं पाळलं तरी पथ्याने यूरिक ॲसिड साधारण एकाच आकड्याने उतरतं, ८.९ चे ७.९. ट्रायग्लिसराइड मात्र पथ्याने निम्मंही होऊ शकतं. म्हणून मेहनत तिकडे जास्त घ्या.

---

नाशिकची_सुगरण

फार मोलाचं लिहिलंत सगळ्यांनी. मधाची बाटली कपाटात गेली. तीन शंका उरल्या. शेजारच्या काकू खायचा सोडा पाण्यातून घ्यायला सांगतात, आणि गावाकडून कुणीतरी कळलावीचा कंद गाऊटवर लावायला आणि पोटातही घ्यायला सांगितलाय. आणि पुन्हा मध्यरात्री अंगठा सुजला तर सकाळपर्यंत काय करायचं?

---

घाटावरचा_डॉक्टर

सोडा नको. लघवी अल्कधर्मी केल्याने यूरिक ॲसिडचा खडा विरघळायला मदत होते, पण त्यासाठी पोटॅशियम सायट्रेट डॉक्टर देतात. सोड्यातल्या सोडियमने बीपी चढेल.

कळलावी घराबाहेर काढा. पावसाळ्यात सह्याद्रीत जिच्या लाल-पिवळ्या फुलांचे फोटो सगळे काढतात तीच ही. तिच्यात कोल्चिसिनच असतं, म्हणून ही कल्पना आली असावी. पण कंदात किती आहे ते कुणी मोजलेलं नसतं. आधी उलट्या-जुलाब, दोन दिवसांनी रक्तपेशी ढासळतात आणि एकेक अवयव निकामी होतो. गोळीतलं अर्धा मिलिग्रॅम आणि कंद यांची तुलनाच नाही.

झटक्यासाठी कोल्चिसिन ०.५ च्या गोळ्या आताच डॉक्टरांकडून लिहून घेऊन घरात ठेवा. सुरुवात झाल्याबरोबर, शक्यतो पहिल्या १२ तासांत, दोन गोळ्या आणि तासाने एक. त्या दिवशी एवढंच, दुसऱ्या दिवसापासून दिवसातून एक किंवा दोन. जुलाब लागले तर मात्रा जास्त झाली समजायचं, थांबायचं. पाय उंच ठेवा, कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं. मसाज आणि गरम शेक नको. आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅक उपाशीपोटी आणि बीपीच्या गोळ्यांसोबत दिवसचे दिवस घेतलं तर मूत्रपिंडाला महाग पडतं, तीन-चार दिवसांपुढे विचारल्याशिवाय नको.

सुजेसोबत थंडी वाजून ताप आला तर गाऊट धरून बसू नका. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो, त्याच रात्री सुईने पाणी काढून तपासावं लागतं. आणि पोटाच्या वरच्या भागात कळ येऊन पाठीत गेली, उलट्या झाल्या, तर ॲसिडिटीची गोळी देत बसू नका. रुग्णालयात गेल्यावर आधी "ट्रायग्लिसराइड ४३६ होतं" एवढं सांगा आणि लायपेज (स्वादुपिंडाची सूज ओळखणारी रक्ततपासणी) करायला लावा.

---

रक्ततपासनीस

त्यात एक भर. त्या रात्री रक्त काढलं आणि नळीतलं वरचं पाणी दुधासारखं पांढरं दिसलं तर ते तंत्रज्ञाला लिहून द्यायला सांगा. त्या दुधाळपणामुळे सोडियम काही यंत्रांवर खोटं कमी येतं, आणि मग कुणीतरी उगाच मिठाचं सलाईन लावतं.